एकचबाई

आमच्या पीटीच्या बाई बॉलकडे कधी पाहत नसत. मैदानावर दहा मुली एका बॉलमागे धावत असायच्या. कुंपणाबाहेर उभे असलेले पोट्टे, पाण्याला आलेला चपराशी, सगळ्यांच्या माना बॉलबरोबर इकडून तिकडे फिरायच्या. बाई मात्र खाली, आमच्या पायांकडे पाहत राहायच्या. बास्केट झाली, टाळ्या पडल्या, की त्याच आम्हाला विचारायच्या, "काय झालं? पडला का आत?" आधी आम्हाला वाटलं, यांना खेळातलं काही कळत नसावं. मग एके दिवशी बॉल पार दुसऱ्या टोकाला असताना त्यांनी मला हाक मारली. "सिंधू, तू काऊन उभी राहिली वं? बॉल तिकडे गेला म्हणून तुही सुट्टी झाली का?" तेव्हापासून बॉल कुठेही असो, मी उभी राहिले नाही.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. गावात टीव्ही नुकते येऊन राहिले होते. पांढुर्ण्याच्या मुलींच्या सरकारी शाळेत मी सावरगावहून जाम नदीचा पूल ओलांडून पायी येत असे. घरी संत्र्याची बाग, चार एकर कापूस, आणि माझी उंची. ती उंची आईला मोठी चिंता वाटायची. "इतक्या लांब पोरीले नवरा कुठून आणाचा?" असं ती माझ्यासमोरच शेजारणींना विचारायची. मी खांदे वाकवून चालायला शिकले होते. बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "सरळ राह. उंची तुले मायबापानं फुकटात देली. हातपाय मी देईन."

बाई मूळच्या रामाकोन्याच्या. वडील रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गँगमन होते. पोरीला त्यांनी नागपूरला व्यायाम-शिक्षणाच्या कॉलेजात घातलं, तेव्हा त्यांच्या बौद्ध वस्तीत मॅट्रिकच्या पुढे गेलेल्या मुली फारशा नव्हत्या. बाई सावळ्या, ठेंगण्या, केस घट्ट विंचरलेले. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या. त्या बुटांवर गावात बरीच चर्चा झाली होती. शाळेमागे बास्केटबॉलचे दोन खांब कोणत्यातरी जुन्या साहेबांच्या काळापासून उभे होते. एकाची रिंग पोट्ट्यांनी लटकून लटकून वाकवलेली, दुसऱ्या खांबाला चौकीदाराची म्हैस बांधलेली असे. बाईंनी म्हैस सोडायला लावली, लोहाराला बोलावून रिंग सरळ करून घेतली, आणि मुरूम पसरून आमच्याकडून तो दाबून घेतला. चुन्याच्या रेघा त्या स्वतः मारायच्या. रेघ मारताना त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे.

मुलींनी त्यांचं नाव एकचबाई ठेवलं ते त्यांच्या शिकवण्यावरून. "एका टायमाले एकच," हे त्यांचं बोलणं. शाळा उघडल्यापासून दिवाळीपर्यंत त्यांनी आम्हाला फक्त थांबायला शिकवलं. धावत यायचं, दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे वाकवून थांबायचं, एक पाय जमिनीला रोवून त्याच्यावर वळायचं. बस. रिंगकडे बॉल फेकायचा नाही. तिकडे सौंसरच्या शाळेच्या मुली रोज बास्केट टाकतात, मॅचेस जिंकतात, अशा बातम्या यायच्या, आणि आम्ही मुरमावर धावून थांबत होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर दोन गावांची दगडफेकीची गोटमार झाली की तिसऱ्या दिवशी डोक्याला पट्ट्या बांधलेले पोट्टे कुंपणावर येऊन बसत आणि आम्हाला विचारत, "का वं, आजही थांबूनच राहिल्या का?" शेवटी मीच धीर करून विचारलं, "बाई, बास्केट कधी टाकाची?"

"टाकजो ना. रिंग कुठं पळून जाऊन राहिली?"

"पण सौंसरवाल्या सगळंच शिकून राहिल्या."

"सगळंच शिकणारीले काहीच पक्कं येत नाई," बाई म्हणाल्या. "तू थांबणं शिक. थांबता आलं का मंग पाहू."

दिवाळीनंतर डावा हात आला. उजवा हात ओढणीने पाठीशी बांधायचा आणि डाव्याने बॉल आपटत मैदानाला चक्कर मारायची. घरीसुद्धा शक्य ते डाव्या हाताने करा, असं त्यांनी सांगितलं होतं. मी डाव्या हाताने अंगण झाडलं, डाव्या हाताने हापसा मारला. डाव्या हाताने भाकरी मोडली तेव्हा आईने हातावर फटका दिला. बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. "जेवण सोडून दे. बाकी चालू ठेव." मात्र एखादी मुलगी दमलेली दिसली की त्या तिला लगेच बाजूला बसवायच्या. बाकीचे शिक्षक दमलेल्याला आणखी पळवत. बाईंचं म्हणणं असं, की दमलेली पोरगी जे शिकते ते चुकीचंच शिकते आणि मग तेच तिच्या अंगात बसतं. मैदानाच्या कडेला बसलेल्या मुलीला त्या लिंबाचं पाणी द्यायच्या आणि तिच्या घरचं काही विचारायच्या. कोणाच्या घरी काय चाललं आहे, हे त्यांना असंच कळायचं.

त्यांची आणखी एक रीत कोणाच्याच पचनी पडली नव्हती. मी सर्वांत उंच, म्हणजे मला रिंगखाली उभं करायला हवं, हे चपराशालाही कळत होतं. बाईंनी मला मागे ठेवलं. बॉल खाली आपटत पुढे आणायचं बुटक्या, चपळ मुलींचं काम मला दिलं. आणि रिंगखाली, उंच मुलींच्या गर्दीत, उभं केलं कमलला. कमल म्हणजे सायकलवाल्याची मुलगी. बारीक, भित्री, जोरात हाक मारली तरी दचकणारी. समोरच्या मुलींचे कोपर तिला लागायचे, ती पडायची, गुडघे फुटायचे. बाई तिला उठवायच्या नाहीत. ती उठेपर्यंत थांबायच्या. मी एकदा म्हणाले, "बाई, आम्ही उलट्या जागी आहोत." त्यावर त्या म्हणाल्या, "सरळ जागी तुम्हाले जे येते तेच तुम्ही करान. मंग शिकान कधी?"

अशी टीम हरणारच. पहिली दोन वर्षं आम्ही सगळीकडे हरलो. त्यात भर म्हणजे प्रत्येक मॅचमध्ये, दोन्ही हाफमध्ये, प्रत्येक मुलगी मैदानात उतरलीच पाहिजे असा बाईंचा नियम. चांगल्या मुली बसवून त्या कच्च्या मुलींना उतरवायच्या. शाळेच्या मोठ्या मॅडम जबलपूरकडच्या होत्या. त्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आप टीम बना रही हैं या धर्मशाला?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, बेंच पर बैठकर लडकी सिर्फ बैठना सीखती है."

तिसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला छिंदवाड्याला जायचं ठरलं. दोन रात्री मुक्काम. आमच्या घरून परवानगी मिळणं अवघड होतं, म्हणून बाई स्वतः सावरगावला आल्या. बाबा ओट्यावर होते. बाईंनी बूट खाली काढले, ओट्याच्या कडेला बसल्या आणि सरळ सांगितलं, "भाऊ, सिंधूले मी नेतो आणि मीच आणून सोडतो. तिच्यावर कोणी बोट दाखवलं तं ते माह्यावर दाखवलं असं समजजा." बाबा म्हणाले, "तुम्ही सोबत आहा तं ठीक आहे." तेवढ्यात आई चहा घेऊन आली. बाबांसाठी घरातली कपबशी होती. बाईंचा कप वेगळा होता, कान तुटलेला, बशी नसलेला. तो मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात असायचा. मजुरीला येणाऱ्या काही बायांना त्यात चहा दिला जायचा. कोणाला आणि का, ते घरात कधी कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजच पडली नव्हती. बाईंनी कप पाहिला, चहा प्यायल्या आणि उठल्या.

मी त्यांना पुलापर्यंत सोडायला गेले. मी खाली रस्त्याकडे पाहत चालत होते. बाईच म्हणाल्या, "कप पाहून राहिली होतीस ना तू माहा?"

मी मान हलवली.

"मीही पाहिला. पण आज मले तुह्या बाबाशी एकच काम होतं. ते झालं." आणि पूल ओलांडून त्या झपाझप निघून गेल्या.

छिंदवाड्याच्या त्या स्पर्धेत बाईंनी आमच्या जागा पहिल्यांदा थोड्या मोकळ्या सोडल्या. हवं तेव्हा मी रिंगकडे जायचं, असं त्या म्हणाल्या. आणि मग आम्हालाच कळेना की आम्हाला एवढं कधी यायला लागलं. समोरची मुलगी धावत यायची, मी थांबायचे, ती पुढे निघून जायची. डावा हात आपोआप पुढे यायचा. आम्ही फायनलला पोहोचलो. समोर सौंसर.

शेवटची काही मिनिटं उरली होती आणि आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. त्या वेळी बाईंनी आमची सर्वांत चांगली बास्केट टाकणारी मुलगी बाहेर बोलावली आणि कमलला आत पाठवलं. दुसऱ्या हाफमध्ये कमल उतरली नव्हती. नियम म्हणजे नियम. मोठ्या मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. कमलच्या हातात बॉल आला आणि घाबरून तिचे पाय सरकले. बॉल सौंसरकडे गेला, त्यांनी बास्केट केली. दुसऱ्यांदा मी दिलेला पास तिच्या हातातून निसटला. त्यांची आणखी एक बास्केट. एका गुणाने आम्ही हरलो.

परतीच्या बसमध्ये कमल खिडकीला डोकं लावून रडत होती. रामाकोन्याला बस थांबली तेव्हा पांढरं धोतर नेसलेले एक म्हातारे हातात उकडलेल्या शेंगांची टोपली घेऊन उभे होते. ते बाईंचे वडील. मुलगी या बसने जाणार हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "जिकले का, माय?" त्यांनी खिडकीतून विचारलं. "नाई बा, हारलो," बाई म्हणाल्या. "बरं," म्हणत ते बसमध्ये चढले आणि शेंगा वाटायला लागले. रडणारी मुलगी दिसली म्हणून आधी कमलकडे गेले आणि तिची ओंजळ भरली. ती का रडते आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. कमलने डोळे पुसले आणि शेंगा सोलायला लागली. बस सुटायला लागली तेव्हा ते घाईघाईने उतरले.

मी बाईंच्या शेजारी जाऊन बसले. "बाई, आज तरी कमलले काऊन उतरवलं?"

"नसतं उतरवलं तं तिले कळलं असतं, का कामाच्या टायमाले बाई माह्यावर भरोसा ठेवत नाई. माणूस हारणं विसरते सिंधू, हे विसरत नाई." मग हळूच म्हणाल्या, "माहं चुकलंही असन. मले कुठं सगळं समजते."

उन्हाळ्यात बदलीचा आदेश आला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरातल्या एका गावी. कोणी म्हणालं मोठ्या मॅडमनी वर सांगितलं, कोणी म्हणालं बदल्या सगळ्यांच्याच होतात. जायच्या आदल्या दिवशी बाई सावरगावला निरोप घ्यायला आल्या. बाबा ओट्यावरच होते. बाईंनी माझ्या पुढच्या शिक्षणाचा विषय काढला, पोरीला मॅट्रिकला थांबवू नका म्हणाल्या, बाबांनी मान डोलावली. आई चहा घेऊन आली. तोच कान तुटलेला कप.

बाईंनी तो हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. आईकडे पाहून अगदी घरच्या गोष्टी बोलाव्या तशा आवाजात म्हणाल्या, "वहिनी, मी उद्या जाऊन राहिली. आता या कपाचं काय करान?"

आई तशीच उभी राहिली. बाबांनी जमिनीकडे पाहिलं. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या, तेवढाच आवाज. मला वाटलं आई आता काहीतरी बोलेल आणि सगळं बिघडेल. माझी आई बोलायला तिखट होती. पण ती बोलली नाही. पुढे आली, बाईंच्या हातातला कप काढून घेतला आणि आत गेली. आम्ही बसून राहिलो. आतून चुलीत फुंकर मारल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने आई बाहेर आली ती थाळीत चार कपबश्या घेऊन, पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या निळ्या काठाच्या. नवा चहा टाकला होता. एक बाईंना दिली, एक बाबांना, एक मला, आणि चौथी घेऊन ती स्वतः बाईंच्या शेजारी ओट्यावर टेकली. बाहेरच्या माणसांसमोर आई कधी चहा पीत नसे. "साखर बरोबर आहे ना, बाई?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. एवढंच बोलणं झालं. तो तुटका कप मला पुन्हा कोनाड्यात दिसला नाही. आईने त्याचं काय केलं, ते मी तिला कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी नवे सर आले. भले माणूस होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला आमच्या उंचीप्रमाणे उभं करून पाहिलं, मग आम्हाला खेळताना पाहिलं, आणि जसं चाललं आहे तसंच चालू द्या म्हणाले. त्या वर्षी जिल्ह्याच्या फायनलला पुन्हा सौंसर होती. तीन वर्षं उंच मुलींचे कोपर खाऊन कमल त्यांच्यातून वाट काढायला शिकली होती. तिच्यापेक्षा वीतभर उंच मुली तिच्या दोन्ही बाजूंना असायच्या आणि बॉल मात्र कमलच्या हातात. आम्ही दहा गुणांच्या वर जिंकलो. शाळेत फोटो लागला, मध्ये सर आणि कप, दोन्ही बाजूंना आम्ही. फोटो काढून झाल्यावर सर मला आणि कमलला म्हणाले, "अपनी मॅडम को जाकर बताओ. मैंने तो तुम्हें तैयार पाया."

दोन मुलींना एवढ्या लांब एकट्या पाठवायचं नाही असं आई म्हणाली. बाबा म्हणाले, "मी जातो ना सोबत." त्यांनी बागेतली निवडक संत्री टोपलीत भरली. बस बदलत बदलत दुपारी आम्ही त्या गावी पोहोचलो. घाटातून जाणारा रस्ता, सागाची झाडं आणि एक कौलारू शाळा. शाळेसमोर मैदान म्हणावं अशी उतरती जागा होती. खांब नव्हते, रिंग नव्हती. पंधरा-वीस गोंड मुली अनवाणी उभ्या होत्या आणि मधे आमच्या बाई. उन्हाने आणखी काळ्या झाल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी हात वर केला, जवळ बोलावलं. जिंकल्याचं कमलने सांगितलं. बाईंनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. बाबांनी टोपली पुढे केली तशी त्यांनी ती मुलींकडे सरकवली.

ती आमची शेवटची भेट. पुढे कमल खेळाच्या जोरावर पोलिसात लागली, मी नर्सिंग करून नागपुरात राहिले. बाईंची आणखी दूर बदली झाली, वडील गेल्यावर रामाकोन्याचं घर बंद झालं. पुष्कळ वर्षांनी त्या वारल्याचं कळलं, तेही कोणाच्या तरी लग्नात, जेवताना. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. तेव्हा मला डोळ्यांसमोर पांढुर्ण्याचं मैदान दिसलं नाही. ती उतरती जागा दिसली.

त्या दुपारी संत्री खाऊन झाल्यावर बाई पुन्हा शिकवायला उभ्या राहिल्या. तिथल्या लहान मुलींना हिंदी फारशी समजत नव्हती. म्हणून बाई त्यांच्या बोलीत 'धाव', 'वळ', 'इकडे ये' असं म्हणायचा प्रयत्न करत होत्या. प्रत्येक शब्दाला मुली खिदळायच्या. एक चिमुरडी पुढे यायची, तोंड मोठं करून तो शब्द बरोबर कसा म्हणायचा ते दाखवायची. बाई तिच्या तोंडाकडे नीट पाहायच्या आणि तिच्या मागून म्हणायच्या. पुन्हा चुकायचं, पुन्हा हशा.

बाबांना ते बघवेना. ते पुढे झाले आणि म्हणाले, "बाई, पोट्ट्या तुमच्यावर हसून राहिल्या."

"हसू द्या, भाऊ," बाई म्हणाल्या. "मी शिकून राहिली."